धूर सोडणारी चिमणी

आमच्या मसाल्याला नाव नव्हतं तोवर आमचं उत्तम चाललं होतं. आई भाजायची, माझी बायको ललिता दळायची आणि कॉलनीतल्या बायका स्टीलचे डबे घेऊन यायच्या. डब्यावर नाव असलंच तर ते डबेवालीचं असायचं, तेही तिच्या लग्नात कुणीतरी कोरून दिलेलं. या सगळ्यात माझा सहभाग एवढाच, की मिरच्या भाजायला लागल्या की मी वह्यांचा गठ्ठा घेऊन गच्चीवर जायचो आणि तिथे शिंकत शिंकत वह्या तपासायचो. त्या वर्षीच्या सहामाहीचे गुण जरा कमी पडले असतील तर त्यामागे हे कारण होतं.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. हे परिचयादाखल सांगत नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ हेच आहे.

सत्त्याण्णव साली वडील गेले आणि आई सटाण्याकडचं घर बंद करून आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. आईचं नाव चिमणाबाई. आयुष्यभर शेत, गोठा आणि दहा माणसांचा स्वयंपाक पाहिलेली बाई आमच्याकडे चार महिने खिडकीशी बसून राहिली. जेवलीस का विचारलं तर मान हलवायची, नाही विचारलं तर तेही नाही. पाचव्या महिन्यात एका दुपारी ललिताच्या आमटीचा वास घेऊन ती उठली, काळा मसाला असा नसतो असं म्हणाली आणि ओट्याचा ताबा घेतला. ललितानेही तो आनंदाने दिला. महिन्याभरात आईला कॉलनीतल्या निम्म्या बायकांची नावं पाठ झाली होती आणि ती पुन्हा लोकांना रागवायला लागली होती. म्हणजे तब्येत सुधारली होती.

मसाला आता दुकानात ठेवायचा असं दोघींनी ठरवलं, आणि दुकानात ठेवायचा तर पुडीवर नाव हवं. इथे मी हात वर केला. घरात एक मराठीचा शिक्षक असताना नाव ठेवण्याचं काम दुसऱ्या कुणी करणं मला योग्य वाटेना. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि चार दिवसांत एक्केचाळीस नावांची यादी तयार केली. रुचिरंजिनी, स्वादवल्लरी, रसनिष्पत्ती, जिव्हालालित्य. एकेक नाव असं की उच्चारताच तोंडाला पाणी सुटावं. ललिताने यादी शेवटपर्यंत वाचली आणि मला आरशासमोर उभं केलं.

"आता म्हणून दाखवा," ती म्हणाली, "शेठ, पावशेर जिव्हालालित्य द्या."

मी म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसाने मला पावशेर काही दिलं असतं असं वाटलं नाही.

मग शेजारी आले. आमच्या खालच्या मजल्यावर चंदर निकम राहायचे. ते कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीतून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर हजारो खटल्यांच्या बासनांची धूळ झटकल्यामुळे आपल्याला कायदा येतो अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या मते नावाच्या शेवटी 'राज' असला की माल खपतो. मागच्या इमारतीतल्या एका बाईंनी गुरुजींना विचारून 'क' किंवा 'ह' हे अक्षर सांगितलं. दुसऱ्या एकींनी नावात इंग्रजी शब्द असावा असं सुचवलं. त्यांचे जावई दुबईला होते. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तर मसाल्यातल्या घटकांची आद्याक्षरं जुळवून एक नाव बनवून दिलं. ते कीटकनाशकासारखं वाटत होतं.

शेवटी मीच म्हणालो की मसाला आईचा, तर नाव आईचं. चिमणाबाई मसाले. सगळ्यांना पसंत पडलं. आई सोडून.

"लोके पुडी फाडीसन गटारमा फेकतीन," आई आपल्या अहिराणीत म्हणाली. "मनं नाव गटारमा नको."

तिचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. आमच्या कॉलनीचं गटार सगळ्यांच्या पाहण्यातलं होतं. तेव्हा मधला मार्ग निघाला. लहानपणी माहेरी तिला चिमणी म्हणत, म्हणून नाव 'चिमणी'. साधं, सुटसुटीत, शेवटी राज नसलेलं. गटारात गेलीच तर चिमणी जाईल, चिमणाबाई नाही. आईने थोडा विचार करून परवानगी दिली.

चित्र काढायला मी पेंटर दीपकला गाठलं. हा एकलहऱ्याच्या रस्त्याला राहायचा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची गुलाबं ही त्याची खासियत. मी घाईत होतो, म्हणून एका चिठ्ठीवर लिहून दिलं: 'चिमणी. मोठी, उठावदार. मागे मोकळं आकाश.' आज मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली तरी मला तिच्यात एकही चूक सापडत नाही. पण ज्या माणसाच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्याला 'मोठी, उठावदार' म्हटल्यावर काय आठवणार, याचा विचार मी केला नव्हता. दीपकने चित्र थेट छपाईवाल्याकडे पोचवलं आणि पाच हजार पाकिटं छापून आमच्या घरी आली तेव्हा त्यांच्यावर तीन भल्यामोठ्या चिमण्या उभ्या होत्या आणि तिन्हींतून काळाभोर धूर निघून 'चिमणी मसाला' या अक्षरांवर पसरला होता.

मी दीपकला बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की धूर का. तो म्हणाला, "सर, तुमच्या चिठ्ठीत नव्हता. पण नुसत्या चिमण्या बंद पडल्यासारख्या दिसत होत्या."

पाच हजार पाकिटं टाकून देणं शक्य नव्हतं. ललिताने ती भरायला घेतली. मी आठ दिवस कॉलनीत मान खाली घालून चाललो. आणि मग जे झालं ते मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला समजावून सांगता येणार नाही. मसाला धडाधड खपायला लागला. पुडीवरचा धूर पाहून लोक समजले की हा मसाला खाल्ला की कानातून असाच निघतो. घेऊन जाऊन त्यांनी खात्री केली आणि पुन्हा आले. नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिन्नर फाटा, सगळीकडे 'धूरवाला मसाला' म्हणून मागणी यायला लागली. भाजणं-निवडणं करायला कॉलनीतल्या सहा बायका यायला लागल्या. आई त्यांच्या मधोमध पाटावर बसून हुकूम सोडायची. तिला असं बसलेलं पाहिलं की मला तो धूरही बरा वाटायचा.

दिवाळीच्या आधी नोटीस आली. नांदगावचे कोणी सावळीराम सोनवणे, 'चिमणी छाप हळद, तिखट व मसाले', त्यांच्या वकिलाकडून. इंग्रजीत होती. मी ती शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांकडून समजून घेतली, त्यामुळे ती मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत सर्वांना समजली. तात्पर्य असं, की चिमणी हे नाव त्यांनी चौसष्ट सालापासून रीतसर नोंदवलेलं आहे, आमच्या नावात आणि त्यांच्या नावात गिऱ्हाईक फसण्याइतकं साम्य आहे, आणि आम्ही हा चोरटा धंदा पंधरा दिवसांत बंद करावा. चोरटा हा शब्द इंग्रजीच्या शिक्षकांनी दोनदा वाचला.

निकमांनी नोटीस हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि उत्तर देऊ नका म्हणाले. उत्तर दिलं नाही तर प्रकरण रेकॉर्ड खोलीत जातं आणि तिथून काही बाहेर येत नाही हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. पण माझ्या चारित्र्यावर आणि त्याहून म्हणजे माझ्या भाषाज्ञानावर शिंतोडे उडाले होते. मी रविवारभर बसून चार पानी उत्तर लिहिलं. चिमणी हा मराठीत एक शब्द नसून तीन आहेत, हे मी साधार दाखवून दिलं. पहिली चिमणी पक्षी. दुसरी रॉकेलचा दिवा. तिसरी धुराडं. आपली चिमणी दाणे टिपते, आमची धूर सोडते. जी उडते आणि जी जमिनीत रोवलेली असते त्यांत कुठलाही शहाणा मनुष्य गल्लत करणार नाही. शेवटी एक कोपरखळीही मारली. उत्तर रजिस्टर पोस्टाने पाठवून मी मोकळा झालो.

आठ दिवसांनी तीन ओळींचं प्रत्युत्तर आलं. दोन्ही नावं उच्चारात एकच आहेत हे आपण पहिल्याच पानावर लेखी कबूल केल्याबद्दल आभार.

तेव्हा ललिता मला हाताला धरून ॲडव्होकेट आशा पगार यांच्याकडे घेऊन गेली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. निबंधात मी तिला एकदा वीसपैकी सात गुण दिले होते, आणि ते तिच्या लक्षात आहेत हे मला तिच्या नमस्कारावरूनच कळलं. तिने माझी चार पानं वाचली. वाचताना तिच्या हातात लाल पेन होतं. मग ते खाली ठेवून ती म्हणाली, "सर, भाषा सुंदर आहे. पण यापुढे तुम्ही काहीही लिहायचं नाही."

चिमणी आता मिळणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. दुसरं नाव शोधावं लागेल. मी खिशातून एक्केचाळीस नावांची यादी काढली. ती पाहून आशाने ही सगळी नावं मोकळी असणार असा निर्वाळा दिला. त्यांच्यावर आजवर कुणी दावा केलेला नसणार आणि पुढेही कुणी करणार नाही. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तो नांदगावचा माणूस कोण, कुठे राहतो, त्याला कुणी भेटलंय का. कुणीच भेटलं नव्हतं. नोटिशीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी भेटायचं नसतं, असं मी समजावलं. तिने मसाल्याच्या सहा पुड्या पिशवीत घातल्या आणि चपला घातल्या. दुसरा इलाज नसल्यामुळे मीही घातल्या.

नांदगावला सावळीराम सोनवणे यांचं दुकान बाजारपेठेतच होतं. सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, धोतरातला माणूस. मी भामरे अशी ओळख सांगताच त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "त्या चार पानावाले का?" त्यांनी विचारलं. माझं उत्तर वकिलाने त्यांना वाचून दाखवलं होतं. दुकानातल्या मंडळींनाही ते पाठ असावं, कारण तराजूमागचा माणूस हळूच 'जमिनीत रोवलेली' असं म्हणाला.

पण आईला पाहून म्हातारे उठून उभे राहिले. बाईमाणूस एवढ्या लांबून आलंय, आधी जेवण, मग भांडण, असं म्हणून त्यांनी आम्हाला मागच्या घरात नेलं. जाताना ते आपली बाजू सांगत होते. पहिली चक्की टाकली तेव्हा वरच्या आढ्यात चिमणीने घरटं केलं होतं. पिल्लं उडेपर्यंत त्यांनी चक्की चालू केली नाही, तीन आठवडे. लोकांनी वेड्यात काढलं. म्हणून नाव चिमणी. "आता दुकानदार म्हणत्यात, तुमची नको, धूरवाली चिमणी द्या," ते म्हणाले. "मला लय लागलं, सर. चौतीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं."

ज्याच्याशी मी रविवारभर शब्दांनी लढलो तो माणूस असा निघेल याची मी तयारी केलेली नव्हती.

त्यांच्या पत्नी कुसाबाईंनी पानं वाढली. बाजरीची भाकरी, कांदा आणि वाटाण्याचा तर्रीदार रस्सा. सावळीराम शेठ म्हणाले की बघा, हा आमच्या चिमणीचा मसाला, अन् हल्ली तर त्याला अशी काही चव आली आहे की दोन महिने झाले, मी रोज वाटीभर रस्सा जास्त घेतो. माल सुधारलाय, गिऱ्हाईकाला कळत नाही.

आईने पहिला घास घेतला. थांबली. दुसरा घास अगदी सावकाश खाल्ला. मग तिने पानावरून मान वर केली.

"हाऊ मसाला मना शे," आई म्हणाली.

शेठ हसले. बाई, आमच्याच घरात, आमच्याच चक्कीचा. आईने मान हलवली आणि यात दगडफूल कधी घातलंय, खोबरं किती काळं केलंय, मिरची कुठल्या गावची आहे, हे एकेक करून सांगितलं. शेठ पत्नीकडे वळले. कुसाबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. आणि मग त्या आत गेल्या, हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात हात घालून एक पुडी काढली आणि ती आमच्यासमोर ठेवली. तीन चिमण्या. काळाभोर धूर. भाच्याने नाशिकहून आणून दिला होता, त्या म्हणाल्या. एकदा घातला, तुम्ही दोन भाकरी जास्त खाल्ल्या, मग सांगायचं राहूनच गेलं.

शेठ पुडीकडे पाहत होते. मी छताकडे पाहत होतो. मला त्या माणसाबद्दल इतकी सहानुभूती वाटली, की आपणही आपल्या घरात याच जागी बसतो असं सांगावंसं वाटलं. अखेर त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला, कुसाबाई पाणी घेऊन धावल्या, आणि आईही तोंडाला पदर लावून हसायला लागली. वडील गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

तडजोड पानावरच झाली. चिमणी हा शब्द त्यांचा, धूर आमचा. आम्ही नाव बदलायचं, त्यांनी नोटीस मागे घ्यायची. आईने त्यांच्या मसाल्यात धना जास्ती शे, एवढं जाताजाता सांगितलं आणि किती कमी करायचा तेही सांगितलं. मी करारनामा लिहून देतो म्हणालो, तेव्हा शेठ आणि आई दोघंही एकदम नको म्हणाले.

तर आता नाव 'धूर'. निकमांनी कपाळाला हात लावला, पण आशाने नाव नोंदवायचा अर्ज केला. अर्ज मुंबईला गेला आणि बराच काळ आम्हाला विसरला. दोन हजार एक साली सुनावणीचं पत्र आलं. आशाने बजावून सांगितलं की सरांनी बोलायचं नाही. आई म्हणाली मी येणार. एशियाड बसने आम्ही तिघं मुंबईला पोचलो.

अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अडचण नीट समजावून सांगितली. मालात धूर असेल, तर धूर हे नाव मालाचं नुसतं वर्णन झालं. वर्णन कुणा एकाच्या मालकीचं करता येत नाही. आणि मालात धूर नसेल, तर नाव गिऱ्हाइकाची दिशाभूल करतं. तेही चालत नाही. तेव्हा आपल्या मसाल्यात धूर आहे की नाही?

आशाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मी आधी उघडलं. गेली तीन वर्षं मी गप्प होतो. शब्दाचा एक वाच्यार्थ असतो आणि एक लक्ष्यार्थ असतो, असं म्हणून मी दहावीच्या वर्गाला शिकवतो तसं सुरू केलं. अधिकारी ऐकत होते. आशाने डोळे मिटले होते. मी व्यंजनेपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात आईने पिशवीतून भाकरीचा डबा काढला, भाकरीच्या तुकड्यावर मसाला आणि तेल घातलं आणि तो टेबलावरून पुढे सरकवला.

"खाईसन देखा," ती म्हणाली.

कायद्यात याची मनाई नसावी. जेवणाची वेळही झाली होती. अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे पाहून तो तुकडा तोंडात टाकला. प्रथम त्यांचा चेहरा खुलला. मग कान लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, एक ग्लास पाणी प्यायले, दुसरा मागवला आणि जरा वेळाने, खोल श्वास घेत, अतिशय दुःखाने म्हणाले, "आजी, हे नाव तर पूर्णपणे वर्णनात्मक आहे."

अशा रीतीने, आईचा मसाला उत्तम असल्याच्या कारणावरून, आमचं नाव नाकारलं गेलं.

मी खचलो. आशाने लाल पेनाला टोपण लावलं. पण अधिकाऱ्यांनी आम्हाला थांबवलं. ते दुसरा तुकडा खात होते. शब्दाचा एवढा आग्रह कशाला, ते म्हणाले, चित्र नोंदवा. तीन धुराडी आणि असा धूर, खाण्याच्या वस्तूवर आजवर कुणीही छापलेला नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत नाही.

दोन हजार तीनमध्ये प्रमाणपत्र आलं. त्यावर चित्र आहे, शब्द नाही. पुडीवरही 'मसाला' याखेरीज शब्द नाही. मराठीच्या शिक्षकाच्या घरातला माल बिननावाचा विकला जातो, हे शाळेत आता सर्वांच्या सवयीचं झालं आहे. आईने प्रमाणपत्राला काच लावून घेतली. आता नांदगावहून कुसाबाई दर महिन्याला पुड्या मागवतात, उघडपणे.

मागच्या आठवड्यात मी माल पोचवायला देवळाली कॅम्पच्या बाजारात गेलो होतो. दुकानात लष्करी वसाहतीतली एक बाई उभी होती, बहुधा पंजाबकडची. तिला देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती. तिने फळीवर बोट दाखवून हिंदीत फॅक्टरीवाला मसाला मागितला, सहा पुड्या. दुकानदाराने माझ्याकडे हात करून सांगितलं की हे मालक. तिने आदराने हात जोडले आणि म्हणाली, की पहिल्यांदा शेजारणीने पुडी दिली तेव्हा मच्छर मारायची पावडर समजून तिने ती पलंगाखाली टाकली होती, आणि मग त्या वासानं तिचे साहेब स्वयंपाक झाला का विचारत थेट पलंगाखाली वाकले.

मीही हात जोडले. काय उत्तर द्यावं याचा क्षणभर विचार केला, आणि मच्छर गेले का, एवढंच विचारलं.

गेले, ती म्हणाली.